सुलूताईंच्या वहीतली माझी सही

समारंभाचे अध्यक्ष माननीय इंद्रजीत साहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती सौ. सुलोचना सावे म्हणजे आपल्या सुलूताई, केळव्याहून वाडीची कामं टाकून आलेले त्यांचे यजमान कृष्णकांतभाऊ, आणि पहिली पाळी संपवून थेट इथे येऊन बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी नागोराव, असेंब्लीचा फोरमन. मूळचा नांदेडकडचा. बोईसरला येऊन सोळा वर्षं झाली, तरी सुक्या बोंबलाचा वास अजून सोसत नाही. मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक वर्षाराणी मॅडमनी कृपया घड्याळाकडे पाहू नये.

ताई इथे टायपिस्ट म्हणून लागल्या, हे नव्या मुलांना ठाऊक नसेल. आपले कारखान्यांत लागणारे अवजड मिक्सर इक्वेडोरला जाऊ लागले, तेव्हा माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये कोण लिहिणार असा प्रश्न आला. ताईंनी दोन वर्षं दर रविवारी मुंबईला क्लास केला आणि ते काम आपल्या टेबलावर घेतलं. सांगा, आपल्यापैकी किती जणांनी सुट्टीचा रविवार असा घालवला असता?

एकदा त्या आमच्या जोडणीच्या शॉपमध्ये येऊन मला म्हणाल्या, "नागोराव, लिव्हरेज म्हणजे काय ते दाखवा." मी पहार घेतली, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि चार माणसांना न उचलवणारं झाकण एका हातानं वर केलं. छाती जरा फुगलीच होती माझी. त्या म्हणाल्या, "बरं. मग बँकवाले हाच शब्द कर्ज काढून धंदा वाढवण्याला का वापरतात? नि साहेब परवा फोनवर म्हणाले, गिऱ्हाइकावर आपलं लिव्हरेज हाय. तिथं पहार कुठं हाय?"

मी पहार खाली ठेवली. मग त्यांनीच शोधलं. पहारेला स्पॅनिशमध्ये पालांका. पहार लावून उचलणं म्हणजे आसेर पालांका. कर्जाच्या जोरावर धंदा, त्याला त्याच पालांकापासून केलेला एक लांबलचक शब्द आहे, तो म्हणताना माझी जीभ अडते. पण एखाद्यावर पकड असणं, याला तिथे पहार चालत नाही. कोण कुणाला दाबतंय ते बघून निराळाच शब्द घ्यावा लागतो. आणि गंमत अशी, की तिकडच्या बऱ्याच देशांत 'त्याच्याकडे पालांका आहे' म्हणजे त्याचा वशिला आहे! हे ऐकून आम्ही दोघं इतके हसलो, की स्टोअरमधले लोक बघायला आले.

ताईंची एक पद्धत होती. पुस्तिका झाली की त्या आपलं स्पॅनिश समोर धरायच्या, एकेक वाक्य मराठीत सांगायच्या आणि फिटरनं तेवढंच हातानं करायचं. बरोबर जमलं की त्यांच्या वहीत सही: करून पाहिले. ऑफिसात या वहीची थट्टा व्हायची. मीही केली आहे.

नऊ वर्षांपूर्वी, मी अजून टेंपररी फिटर असताना, मिक्सरचं नवं मॉडेल आलं. झाकणाच्या वाक्याशी ताई थांबल्या. "पहारेला टेकू कशावर येतो ते बघा हां." मी म्हणालो, "ताई, अशी झाकणं शंभरदा उघडलीत. आणा ती वही." आणि सही केली.

नव्या मॉडेलची, जिथे पहार टेकते ती कड उतरती होती. दोन महिन्यांनी इक्वेडोरहून पत्र आलं. तिथल्या एका कामगारानं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पहार लावली, ती घसरली आणि त्याचं मनगट मोडलं. त्याचं नाव एलिसेओ. ताईंनीच मला वाचून दाखवलं होतं.

चौकशी झाली. लिव्हरेजचं भाषांतर चुकलं, असं ठरलं. त्या खोलीत स्पॅनिश येणारं ताईंशिवाय कुणीच नव्हतं, तरी ठरलं. पुस्तिकांचं काम बाहेर गेलं. ताई डिस्पॅचला, खोक्यांवर पत्ते चिकटवायला. आज निवृत्त होतात त्या तिथूनच.

मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो होतो. त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं कायम व्हायचं पत्र याच महिन्यात हाय ना? आता काय बोलू नका." आणि मी बोललो नाही. त्या महिन्यातही नाही, पुढच्या नऊ वर्षांतही नाही. मला याची लाज वाटते.

मंडळी, माझी सही असलेली ती वही त्यांच्या कपाटात होती. याहून मोठी पकड माणसावर काय असते? पण ताईंनी ती चौकशीत दाखवली नाही, की कधी साधं खोकं उचलायलासुद्धा मला हाक मारली नाही. गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये मी विचारलं, "लिव्हरेज हातात असून जो वापरत नाही, त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?" त्या म्हणाल्या, "नाय ठाऊक. आपल्यात तरी हाय का शब्द?" अजून मी शोधतोय.

अध्यक्षमहाराज, हा अर्ज मी सकाळी टाइप करून घेतला. दोनच ओळी आहेत. 'सौ. सावे यांचं भाषांतर बरोबर होतं. झाकण मी उघडून पाहिलं नाही आणि खोटी सही केली.' ताईंच्या फाइलमधला चुकीच्या भाषांतराचा शेरा काढावा. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

आयोजकांचे, कँटीनवाल्यांचे आणि एवढं शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. ताईंकडे मात्र मी भाषणाची माफी मागत नाही, त्या सहीची मागतो. आणि त्यांनी ती दिलीच पाहिजे असं नाही.

नाही ताई, उठू नका. या वेळी माझ्या बाजूनं काही बोलायचं नाही. साहेबांनी अर्ज हातात घेतला, की मी खाली बसतो.