मोडांचं विसर्जन

टाळ खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा — चांगली गोष्ट समोर आली की माणसानं तिच्या पाया पडावं, की ती अंगी लावून घ्यावी? काय? दोन्ही? वा! मागचे काका हुशार आहेत, जागे राहा म्हणजे झालं!

तर ऐका. एका गावात सदोबा गुरव. गावदेवीची पूजा त्याच्याकडे, सनईचा मानही त्याच्याच घरात. चैत्रातल्या यात्रेत सदोबाची सनई वाजल्याशिवाय पालखी देवळाबाहेर पडायची नाही! आणि अशा माणसाला धरलं कुणी? सांध्यांनी! बोटं इतकी सुजली, की सनईची भोकं बंद होईनात. सूर कुठला — नुसती फुसफुस! चुलतभाऊ दिगंबर टपलेलाच. म्हणाला, "दादा, यंदा मान माझ्याकडे द्या. देवीला बेसूर चालायचं नाही." सदोबाच्या काळजाला घरं पडली!

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "या चुकवायच्या नाहीत. तळलेलं बंद. आणि जोडीला मुळ्याच्या, मेथीच्या बियांना मोड आणून रोज खा. मोड फुटताना बियांत अँटिऑक्सिडंट वाढतात, सूज आटोक्यात ठेवायला त्यांचा हातभार लागतो." हसू नका मंडळी, घोकून घोकून पाठ केलाय मी हा शब्द! साधं सांगतो — लोखंडाला गंज चढतो ना, तसा अंगातही चढतो. तो अडवणारी ही द्रव्यं.

बायको कोंडाबाई कामाला लागली. बी भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं, मोड आले की वाटी सदोबाच्या हातात! आणि सदोबानं काय केलं? अहो, गुरव तो! नवरात्रात घट बसवणारा, घटात उगवलेलं धान हात जोडून ओढ्यात सोडणारा! वाटीतले कोवळे मोड बघून डोळेच भरून आले त्याचे. "हे तर देवीचं रूप! याला दात कसे लावू?" हळद वाहिली, कुंकू वाहिलं — आणि ओढ्यात विसर्जन! रोज! दिवाळी गेली, संक्रांत आली, बोटं तशीच. कोंडाबाई बिचारी काळजीत, एवढं खातात तरी अंगी कसं लागत नाही?

एकदा ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली. बघते तर काठच्या लव्हाळ्यात अडकलेत मोड! वर कुंकू! बाई तशीच ओल्या लुगड्यानं देवळात.

"अहो, हे काय?"

"देवीला वाहिलं गं. तिचंच आहे ते."

"बरं! मग नैवेद्याची पुरणपोळी कुणाची?"

"देवीचीच!"

"ती कधी ओढ्यात सोडलीत? तिच्यावर तर वर तूप मागता!"

आणि कोंडाबाईला रडूच फुटलं. "सनई गेली तर तुम्ही खचून जाल, हे मला दिसत नाही का? दाखवा देवीला वाटी. पण मग प्रसाद म्हणून माझ्यासमोर खा!"

खाल्ले हो! तोंड वाकडं केलं, पण खाल्ले. गोळ्या चालूच, भजी बंद. हळूहळू सूज ओसरली, मूठ वळू लागली. चैत्रात देवळाच्या पायरीवर सदोबानं सनई ओठाला लावली — एकेक भोक घट्ट बंद! असा सूर निघाला, की दिगंबरानंच आपली सनई काढून मागून साथ धरली. पालखी उठली!

आता तुमच्याकडे येतो. कीर्तन संपलं की माझ्या पाया पडायला रांग लावता. आणि घरी जाऊन? तळलेले वडे! तो नमस्कार मला नको! आज घरी गेल्यावर आधी मूठभर मेथी भिजत घाला, देवापुढे हात मग जोडा. देवी थांबेल हो, सांधे थांबायचे नाहीत!