मॅडमले वाईट वाटन म्हनून

माहं माहेर हिवरखेडचं, तेल्हाऱ्याकडचं, अन् नाव वच्छला, पन वच्छला म्हनून परतवाड्याच्या बजारात विचारसान तर कोनी सांगनार नाई, भोंगा कुठी बसते म्हना, कोनीबी आनून सोडन तुमाले. हे नाव लोकाइनं दिलं, माह्या आवाजानं. काय सांगू ताई, हा आवाज माह्या बापानं घडवला. बाप दुसऱ्याचं वावर बटईनं वाहे, ज्वारी हुरड्यावर आली का पाखरं येत थव्यानं, मंग मले मचानावर उभं करे, हातात गोफन देई, पन माहा नेम असा का गोटा पाखराले सोडून बापाच्याच अंगावर जाये. बाप म्हने राहू दे ते गोफन, तू नुसती वरड. तर मी वरडो. शेजारच्या वावरातलीबी पाखरं उडत, अन् तो वावरवाला बापाले म्हने, तुही पोरगी आमाले भाड्यानं दे.

लगन होऊन परतवाड्याले आली. आमचा बुढा, म्हनजे माहा नवरा, तेव्हा काई बुढा नव्हता, पन मी त्याले पहिल्यापासून बुढाच म्हनतो, तो बजारात भाजीपाला मांडे, खाली पोतं अन् वर मेनकापड, अन् मानूस असा मुका का गिऱ्हाइकानं भाव विचारला तर बोटं दाखवे. मी त्याच्या बाजूले बसली अन् हाक मारली, घ्या टमाटर लालेलाल, घ्या सांबार ताजा, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर ओ, तर जीपच्या स्टँडावरचे लोकं वळून पाहू लागले. मेळघाटातून उतरलेल्या बाया माह्या हाकेवर येत, त्याइले रस्ता विचाराचं काम नाई. मी बोलवो, बुढा तोले, असा आमचा संसार झाला. घरी भांडन झालं तरी दुकानावर मी बोलवो अन् तो तोले.

तर दुखनं कसं निघालं ते सांगतो. पोरीच्या नंदेच्या लग्नात फोटो काढले, अन् पोरगी मोबाइल पाहता पाहता म्हने, आई, तुही पोत अशी वाकडी काहून बसली गळ्यात? हात लावून पाहातो तर बाजूले गोटी. दुखे ना, खुपे ना. शेजारीन म्हने गलगंड असन, कोनी म्हने लेप लाव, पन पोरगी ऐकनारी नाई, तिनं मले धरून अमरावतीले नेलं. तिथं ह्या डाक्टर मॅडम. कवळ्या वयाच्या, बारीक अंगाच्या, मी म्हटलं ह्या काय गळा कापतन, ह्याइले वांगं तरी कापता येते का नाई. सुई टोचून पानी काढलं, तपासाले धाडलं, अन् मंग मॅडमनं मले समोर बसवून सांगतलं का कॅन्सर आहे, थायरॉइडचा. मॅडमनं माहा हात धरला, म्हने मावशी, कॅन्सरमध्ये हा त्यातल्या त्यात गरीब आहे, वेळेवर काढला तर माणूस आपलं आयुष्य जगतो. मंग म्हने, गळ्यात आवाजाच्या नसा असतात, केसासारख्या, मी जपते, पण कधीकधी आवाजाला फरक पडतो, तुम्ही विचार करून सांगा. मी काय विचार करू? जीव राहिला तर आवाजाचं पाहून घेऊ, असं म्हटलं अन् हो म्हटलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोरीनं माही हाक मोबाइलात भरून घेतली. काहून भरते ते ती बोलली नाई, मीबी विचारलं नाई.

ऑपरेशन चांगलं झालं. नागपूरले नेऊन किरनाचं औषध पाजलं, दुसऱ्याले बाधू नये म्हनून एकटीले खोलीत ठेवलं, तेबी दिवस निघून गेले. गाठ गेली, रोग गेला, आता सकाळी उपाशीपोटी एक गोळी, ते जलमभर. मी जगली ताई, तुमच्यापुढं बसून बोलून राहिली, हे त्या बाईचं देनं. पन बजारात गेली अन् तोंड उघडलं, घ्या टमाटर, तर अर्ध्यातच आवाज मोडला. घरात बोलाले चांगला, फोनवर चांगला, हळू बोलाले काई कमी नाई, फक्त वर जाये ना. जोर केला का फुसकन हवा निघे. बाजूचा लसनवाला हासला, मंग माहं तोंड पाहून लसन निवडू लागला. मी घरी येऊन लय रडली. बुढा मुका तर मुका, पन त्या दिवशी त्यानं चहा करून देल्ला. मंग पोरीनं बॅटरीचा स्पीकर आनला अन् ते मोबाइलातली हाक त्यात भरून देल्ली. तवापासून दुकानावर मी गप बसतो अन् माहा जुना आवाज वरडते. भोंगा म्हनत होते मले, तर झाला खराच भोंगा.

आता मॅडमचं काम असं का त्या ऑपरेशन करून सोडून देत नाईत. दर काही महिन्यांनी बोलावतात, मशीन लावून गळा पाहातात, रक्त घेतात, अन् विचारतात, जेवन जाते का, हातापायाले मुंग्या येतात का, आवाज कसा हाये. वर्षानुवर्षं हेच. सगळ्या पेशंटाचं मिळून त्या संशोधन करतात, कोनत्या ऑपरेशननं कोनाचं काय झालं. तिथं बाहीर बाकडं हाये, आमी सगळे गळेकापे त्याच्यावर बसतो, हे नाव अकोल्याच्या गुरुजीनं देल्लं, तेबी आमच्यातलेच. अन् बाकड्यावरचा रिवाज काय, आत जाऊन वाईट सांगाचं नाई. ज्यानं जीव वाचवला त्याच्या तोंडावर खोट काढाची नसते, हे आमाले लहानपनापासून शिकवलं. नव्या पेशंटाले गुरुजी पहिलेच सांगून ठेवत, पाहा बाई, मॅडमनं विचारलं तर झकास म्हनाचं, लेकरासारखी हाये ती, तिले वाईट वाटन. सगळे झकास. मीबी झकास. आनलेली संत्री टेबलावर ठेवो, आवाज कसा म्हटलं तर म्हनो एक नंबर, अन् एक नंबर हळूच म्हनो ना, तर ते बरोबर निघे. मॅडम मले पाहात, कागदावर लिहीत, अन् त्याइच्या कपाळाले आठी पडे. एकडाव म्हने, मावशी, माझ्या हातून कुणालाच काही त्रास होत नाही, असं जगात कुठे होतं का? मी म्हटलं तुमचा हात देवाचा. त्याइले ते काई आवडलं नाई.

मंग एका बजाराच्या दिवशी मॅडम घरच्या मानसाइसंगं चिखलदऱ्याले चालल्या होत्या, वाटेत परतवाड्यात गाडी थांबवली. मले काय माहीत. मी पालकाच्या जुड्या बांधून राहिली होती, स्पीकर सुरू, घ्या टमाटर लालेलाल, मान वर करतो तर मॅडम उभ्या. हासल्या, म्हने मावशी, केवढा आवाज आहे, हा कुणाचा? माह्या तोंडून निघून गेलं, माहाच जी, पहिलेचा. मॅडमचं हासू तिथंच थांबलं. स्पीकरवर हाक संपे अन् पुन्हा सुरू होये. माहा पहिलेचा आवाज त्याइनं ऐकलाच नव्हता ना ताई, दवाखान्यात कोन वरडते? मंग त्या पोत्यावर, आलूच्या ढिगाजवळ माह्यापुढं बसल्या अन् म्हने, स्पीकर बंद करा, आता तुम्ही हाक मारा. मी म्हटलं राहू द्या ना मॅडम. त्या म्हने मारा. बुढ्यानं स्पीकर बंद केला. मी मारली हाक. जे निघाली ते तुमाले सांगून काय फायदा, लसनवाल्यालेबी पोचली नाई.

मॅडमच्या डोळ्यात पानी. म्हने, हे मला का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तुमाले वाईट वाटन म्हनून. तर काय म्हने पाहा, शब्दाले शब्द ध्यानात हाये माह्या. म्हने, मावशी, मला वाईट वाटू द्या. त्यासाठीच तर विचारते मी. मला वाईट वाटलं नाही, तर पुढच्या बाईच्या गळ्यातही माझा हात तसाच चालेल.

हे मले कधी सुचलंच नव्हतं ताई. मी समजो, खोटं बोलून मी तिचं मन राखून राहिली, अन् इकडे दुसरीच्या गळ्याचा सवाल. मॅडमनं मंग समजावून सांगतलं, बोलाची नस येगळी अन् आवाज वर न्याची नस येगळी, ते लयच बारीक, तिले धक्का लागला तर मानूस बोलते चांगला पन हाक मारू शकत नाई. दवाखान्यात हळू बोलनाऱ्याचं ते समजतच नाई.

तवापासून दवाखान्यातली रीतच बदलली. आता ऑपरेशनच्या आधी मॅडम पेशंटाले मांगच्या आंगनात नेतात अन् म्हनतात, घरी जशी मारता तशी हाक मारा, अन् ते भरून ठेवतात. ऑपरेशनात ते बारीक नस पहिले हुडकून जपतात, अन् नंतर पुन्हा हाक माराले लावतात. कोनी बकऱ्याइले बोलावते, कोनी पोट्ट्याइले, गुरुजीनं सावधान म्हटलं तर शिपाई खरंच सरळ उभा राहिला. अन् बाकड्यावर मले बसवलं, म्हने मावशी, तुम्ही सांगा यांना. मी सांगतो, बापाहो, मॅडमले खरं सांगा, तिले रडू आलं तर येऊ द्या. पहिले तर गुरुजीच कबूल झाले, त्याइच्या बोटाइले मुंग्या येत, खडू धरल्यासारखी बोटं आखडत, अन् हे आत जाऊन झकास. मॅडमनं लगेच रक्त तपासलं, कॅल्शियम कमी निघालं, औषध वाढवलं, अन् गुरुजीले अशा बोलल्या का आमी बाहीर ऐकून राहिलो.

पुढं नागपूरले मोठमोठ्या डाक्टराइची सभा होती. तिथं मॅडम उभ्या राहून बोलल्या का माझे आधीचे निकाल चांगले दिसत होते ते चुकीचे होते, कारण माझे पेशंट माझ्यावर माया करतात. हे मले त्याइच्या नर्सनं सांगतलं. मानूस मोठं झालं का चूक झाकते, ताई, हे बाई चारचौघात उभी राहून सांगते. देवमानूस म्हनतो मी तिले, पन आता संत्र्याबरोबर खरंबी नेतो.

माहा आवाज आला नाई, येनारबी नाई, मॅडमनं साफ सांगतलं. स्पीकर चालू हाये. पन मांगच्या डावले मी बाकड्यावर होती, अचलपूरची एक सून, माह्यासारखंच दुखनं, ऑपरेशन होऊन आलेली, तिले आंगनात नेलं. तिनं नवऱ्याले हाक मारली, अन् तो भिंतीपलीकडे रस्त्यावर चहा पिऊन राहिला होता, तो कप घेऊनच धावत आला. आमी सगळे हासलो. मले रडू आलं, मॅडमलेबी आलं असन, त्या तोंड फिरवून लिहीत होत्या.

मंग माहा नंबर लागला. मॅडमनं विचारलं, मावशी, आवाज कसा आहे? मी म्हटलं, नाई आला मॅडम. त्याइनं लिहिलं. माहा हात धरून जराशा बसल्या.

आशीर्वाद काय देऊ तिले, शिकलेल्या मानसाले आपन काय द्यावं. एवढंच म्हनतो, बाई, तुह्या हातून कोनाची हाक जाऊ नये, अन् गेली तर खरं सांगनारं मानूस तुह्यासमोर बसो.