नजर वळणापलीकडे

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती ती. आमचे हे लालबागच्या एका गॅरेजात कामाला. त्याच सुमारास ह्यांनी जुहूच्या विमानांच्या धावपट्टीवर फटफटीच्या शर्यतीत उतरायला सुरुवात केली. तीन शर्यती झाल्या, आणि तिन्ही वेळा हे एकाच वळणावर आडवे. फटफटी गॅरेजच्या शेठची. तो म्हणाला, "आता पडलास तर फटफटी परत."

तिसरी शर्यत मी पाहिली होती. ह्यांच्या गुडघ्याला हळद लावताना म्हटलं, "अहो, तुमची नजर चाकावर असते, म्हणून पडता."

"तुला गं काय कळतं फटफटीतलं?"

"डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन मी तीन जिने चढते. पायाकडे बघितलं की पाणी सांडतं. वरच्या पायरीकडे बघायचं, पाय आपोआप येतात."



चौथ्या शर्यतीत ते वळण आलं. मी पदर दातात धरला. ह्यांनी मान उचलली, नजर पार वळणापलीकडे लावली, आणि फटफटी अशी कलली की गुडघा जमिनीला टेकतो की काय. माणसं उठून उभी राहिली. सांगताना अजून अंगावर काटा येतो बघा. हे वाऱ्यासारखे पलीकडे निघून गेले.

नंबर सातवा आला. शेठने फटफटी परत घेण्याचं नावही काढलं नाही. हे मात्र धुळीने माखलेले तसेच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता ब्रेकचं काय ते सांग."