रोजचा बॅकअप

डिस्क दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी बाकावर दोघं बसले होते. एका कारखान्याच्या हिशेबनीस बाई आणि त्यांना सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस.

"सर्व्हर बसला तर बसला, ताई. बॅकअप आहे ना?"

"तीन वर्षं रोज घेतलाय. अंगात ताप असतानाही."

"मग इथे कशाला आलो आपण?"

"सकाळी तो उघडून बघितला. आत दोनच गिऱ्हाइकं. एकाने खुर्ची घेतलीय, दुसऱ्याने टेबल."

"अहो, ती सॉफ्टवेअरसोबत शिकण्यासाठी येणारी नमुना कंपनी! बॅकअप घेताना यादीतून तुमची कंपनी निवडायला नको?"

"बसवून दिलंत तेव्हा तुम्हीच चिठ्ठी चिकटवलीत. रोज हे बटण दाबा, बाकी कशाला हात लावू नका."

"ती चिठ्ठी अजून आहे?"

"आहे ना. अक्षर पुसट झालं की मी वरून गिरवते."