सासूले घेऊन माहेरी

माहं गाव हे नोहे ताई, माहं गाव लय दूर, ओडिशात, बलांगीर जिल्ह्यात, कांटाबांजी नावाचं टेसन हाये तिथून आत, डोंगराच्या पायथ्याशी. तुमाले माही बोली ऐकून वाटलं नसन, आता कोनालेच वाटत नाई, मूर्तिजापूरच्या बाजारात भाजीवाली मले इचारते तू अकोल्याकडची का वो, मी म्हनते हो, कुठं सांगत बसू. तिथं मी सुबर्णा होती, इथं सुवर्णा झाली. फरक थोडासाच हाये, पन पहिल्यांदा थोबी कानाले लागे, कोनी दुसरीलेच हाका मारून राह्यलं असं वाटे.

आमच्या तिकडं धानाची शेती, पानी आलं त धान, नाई आलं त सारं गाव इटाभट्टीवर जाते, कोनी आंध्रात, कोनी कुठं. माहा मामा मात्र अकोल्याले दालमिलमंधी होता. त्याच्यासंगं या गावचा एक मानूस काम करे, त्यानं सांगतलं का आमच्या गावात सुरेश नावाचा पोरगा हाये, थोडंसं वावर हाये, बाप नाई, माय हाये, पोरगा सुपारीबी खात नाई, पन पोरगी भेटून नाई राह्यली, इकडच्या पोरींले नोकरीवाला पाह्यजे, वावरवाला कोनाले नको. मामानं मले इचारलं जाशीन का. मी म्हनलं जाईन. काहून म्हनलं थे मले आजबी सांगता येत नाई ताई, जवानीत मानूस पटकन म्हनून टाकते. लग्न तिकडंच देवळात झालं, इकडून तिघं-चौघं मानसं आले होते, सासू आली नोयती. माह्या मा-नं, मी माह्या आईले मा म्हने, तिनं ना माहं घर पाह्यलं ना दार, जावयाचं तोंड पाह्यलं अन् पोरगी देऊन टाकली.

इथं आली त सारं पाह्याले गाव जमलं. मले काईच समजे नाई. सासूचं नाव कौसल्याबाई, उंचपुरी, लुगडं नेसे, आवाज असा का बोलली तरी भांडून राह्यली वाटे, मी त पहिल्यांदा रडलीच, मंग समजलं का इथं सारेच असे बोलतात, जीव लावतात तरी असेच बोलतात. पन काय सांगू तुमाले, काई शब्द सारखे निघाले. पानी तिकडंबी पानी, हात तिकडंबी हात, घर, कान, नाक, खा, बस, जा, सारे तेच. मी त्या दोन-चार शब्दायवरच राह्यली. सासू म्हने बस, मी बसो. सासू म्हने खा, मी खाओ. खाओ म्हनजे काय, भाकर समोर असे ज्वारीची, मले थे गिळता ये नाई, आमी भात खानारे, सकायी भात, दुपारी पान्यात भिजवलेला भात, राती भात. इथं भात म्हनजे सनावाराले नाईतर बिमार मानसाले. सासूनं दोन-तीन दिवस पाह्यलं, मंग एका दुपारी मले वावरात घेऊन गेली. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, एक झाड होतं, लाल दांडीचं, मी पाह्यलं अन् धावतच गेली, पान तोडून तोंडात घातलं, आंबट, थेच, आमची खट्टा भाजी. सासू म्हने अंबाडी. मी म्हनलं खट्टा. थे म्हने अंबाडी. आमी दोघी हासलो. त्या दिवशी तिनं भात शिजवला अन् अंबाडीची भाजी, अन् मी पोटभर जेवली, आल्यापासून पहिल्यांदा. तेव्हापासून आमच्या घरी रोज भात शिजते, सुरेशले आवडत नाई तरी शिजते.

गावाचं म्हनाल त गाव गावासारखं. बाया इचारत, जात कोनती वो तुमच्या सुनेची. सासू म्हने तिलेच इचारा, अन् मले बोलता ये नाई त इचारनार काय. पन मले समजे काई तरी इचारून राह्यले म्हनून. अंगनवाडीतली मायाताई, थे बुद्धविहाराजवय राहे, तिले हिंदी चांगली ये, अन् मलेबी थोडी थोडी ये, तिनंच मले सांगतलं का हे असं इचारतात. अन् म्हने इचारू दे, आमाले पिढ्यान् पिढ्या इचारून राह्यले, तरी आमी इथचेच हाओ ना. अंगनवाडीत पोट्ट्यायसंगं बसून मी बोली शिकली ताई. पोट्टे हासत, पन शिकवत बी. माही काकीसासू, म्हनजे सासूची जाऊ, थे मात्र रोज येऊन सासूले म्हने, कौसल्ये, कपाटाले कुलूप लाव, अशा पोरी एक दिवस सारं घेऊन जातात. सासू म्हने बरं. कुलूप काई तिनं लावलं नाई.

मंग माही पिंकी झाली. थे चालाले लागली अन् तिकडून भावाचा फोन आला, मा-ले लकवा मारला, उजवा हात अन् पाय गेला, तोंड वाकडं झालं, तुहं नाव घेते. मी सुरेशले म्हनलं मले जाचं हाये. चांगला मानूस हाये थो, पन त्याच्या डोयात मले भेव दिसलं. दुसऱ्या दिवशी घरात पंचायतच बसली समजा. काकीसासू आली, दोन-तीन मानसं आले, कोनी म्हने आता जाऊ देशान त वापस येत नाई, कोनी म्हने सुरेश संगं जाऊ दे, त दुसरा म्हने कपाशी येचाले आली, थो कसा जाईन. मंग काकीसासू म्हने जाऊ द्या तिले, पन पोरगी इथं ठेवा, पोरीसाठी त येईन ना वापस.

मी सैपाकघरात होती, मले आता सारं समजे. पिंकी माह्या कडेवर होती, मी तिले अशी दाबून धरली का थे रडाले लागली.

सासू उठून उभी राह्यली. मंग म्हने, काहून, पोरगी का खुट्याले बांधाचं वासरू हाये, गाय वापस यावी म्हनून. पोरगी तिच्या मायसंगं जाईन. कोनी तरी म्हने मंग भरोसा काय. सासू म्हने मीबी जातो. सारे तिच्या तोंडाकडं पाह्यतच राह्यले. सासूनं आयुष्यात अकोल्याच्या पलीकडं पाय टाकला नोयता. सुरेश म्हने माय, तू काहून, तुले थे झेपन का. सासू म्हने कपाशी तू पाह्य.

गेलो आमी. नागपूरले गाडी बदलली, सासू खिडकीशी बसली, लुगड्याचा पदर डोक्यावर, मांडीवर पिंकी, रायपूरच्या पुढं म्हने, इकडं कपाशी दिसत नाई वो कुठं. माह्या मनात एकच होतं, हे मले राखाले आली. वाईट वाटे, अन् रागबी ये.

घरी पोचलो. मा खाटेवर होती. मले पाह्यलं, पिंकीले पाह्यलं, अन् मंग लुगडंवाल्या बाईकडं पाह्यत राह्यली. मी सांगतलं हे माही सासू. मा-नं डावा हात उचलला, नमस्कार कराले दुसरा हात त उठेच नाई. सासूनं जाऊन थो एकच हात आपल्या दोन्ही हातात धरला, अन् खाली जमिनीवर बसली. मंग उठलीच नाई समजा. रोज तिच्या उजव्या हाताले तेल लावे, बोटं एक एक करून सोडवे, अन् संगं बोले, वावराचं, पान्याचं, सुरेशच्या लहानपनाचं, सारं वऱ्हाडीत. मा वाकड्या तोंडानं ओडियात बोले, माह्या लहानपनाचं. तिले हिचं समजे नाई, हिले तिचं समजे नाई, अन् दुपारभर बोलत. मी मधात पडली का हे असं म्हनते, थे तसं म्हनते, त सासू म्हने तू जाय, आमाले समजते. काय समजत होतं देव जाने.

आता सासू तिथं परकी झाली ना. गावच्या बाया तिचं लुगडं हात लावून पाह्यत, आपसात म्हनत, सून पळू नये म्हनून आली हे. सासूले समजे नाई, थे त्यायच्याकडं पाहून हासे. अन् भात. तिन्ही टाइम भात. मले दिसे तिचं पोट भरून नाई राह्यलं, राती थे कूस बदलत राहे. भावानं कुठून तरी गव्हाचं पीठ आनलं, त म्हने नको, इथचं जे हाये थे बरं हाये, इनं माह्या घरी भाकर खाल्ली ना.

मा-च्या बोटायले थोडं हालाले लागलं, तोंडबी सुधरलं, तवा आमी निघालो. मा-नं सासूच्या गालाले हात लावला अन् रडली नाई. मी येतांनी लग्नात जेवढी रडली होती तेवढं या टाइमाले कोनीच रडलं नाई.

वापस येतांनी गाडीत मी धीर करून इचारलंच. म्हनलं, माय, तुमी मले राखाले आल्या होत्या का. सासू खिडकीबाहीर पाह्यत होती. म्हने, नाई वो. मले पोरगी असती अन् मी तिले दिली असती, त आधी घर पाह्यलं असतं, सासू पाह्यली असती, चूल पाह्यली असती. तुह्या मायनं काईच पाह्यलं नाई. तिचा जीव कसा राह्यत असन. म्हनलं निदान मी त तिले दिसली पाह्यजे, पोरगी कोनापाशी हाये थे.

मी पिंकीले तिच्या मांडीवरून घेतलं, अन् मंग पुन्हा तिथंच ठेवलं.

पुढच्या साली मा गेली. मले पोचता आलं नाई, पानी लागून होतं, दुसरं पोट्टं पोटात होतं. सासूनं घरात सुतक पायलं. काकीसासू म्हने विहिनीचं सुतक कुठं असते का. सासू म्हने तुमच्यात नसन. बस एवढंच.

आता सासूले दिसत नाई बराबर, खाटेवर असते, आवाज मात्र तसाच. पिंकी अमरावतीले नर्सिंग शिकते, तिले ओडिया चार शब्द येतात, म्हने आई शिकव, मी शिकवाले बसते त मलेच आठवत नाई. तिकडं गेली का भावजया म्हनतात मराठीन आली. वाईट वाटते थोडं, पन खोटं नाई थे. गावबी बदललं. कापसाच्या जिनिंगवर बिहारचे पोट्टे हायेत, त्यायची छठपूजा तलावावर होते अन् आमच्या बाया पाह्याले जातात. माह्यासारख्या सुनाबी आल्या, एक छत्तीसगढची, एक बैतूलकडची, एक आमच्याच बलांगीरची, तिच्यासंगं बोललं का माही जीभ जागी होते.

छत्तीसगढची आली थे लय गुमसुम होती, जेवे नाई. तिची सासू परवा आमच्या घरी आली, दारातच उभी राह्यली, लाजून राह्यली होती. म्हने, सुवर्णा, तिच्या मायची तब्येत बरी नाई, मी जातो म्हनतो तिले घेऊन, गाडी कोनती लागते, अन् संगं काय न्याव वो. मी म्हनलं बसा, सांगते. आतून सासूनं हाक मारली, कोन वो, कोन जाऊन राह्यलं. मी सांगतलं. सासू म्हने, तिले म्हन लुगडं चांगलं नेस, तिकडच्या बाया लय पाह्यतात.

सुखी राहो बाप्पा सारे, जे आले थे अन् ज्यायच्या घरी आले थे. तुमी जेवूनच जा ताई, भात टाकलाच हाये.