वारस हाय म्हणून

माझं नाव गोजराबाई. माहेर शेळगाव, दिलं सणसरला, म्हंजी इंदापूर तालुका काय मी सोडला न्हाय, हितलीच मी. लगीन झालं तवा मला धड पदर सावरता येत न्हवता. घरात सासू, मालक आन् धाकटं दीर. सासूला मी आत्याबाई म्हणायची, आन् आत्याबाई म्हंजी काय सांगू तुमाला मास्तर, त्येंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गडीमाणसं बांध बदलून जायची. कालव्याच्या पाण्यावर आमची भेंडी, गवार, वांगी, ती बारामतीच्या बाजारात न्यायची, आन् आत्याबाईंनी हातात धरून बघितल्याबिगर एक वांगं पाटीत पडायचं न्हाय.

मालकांचा डावा डोळा ल्हानपणीच देवीत गेल्याला. उजव्यावर सगळा संसार. मग तिकडं माळेगावला कारखाना निघाला, जो तो ऊस लावाया लागला, आमीबी लावला, आन् त्येचंच पाचट काढताना पातं सपकन उजव्या डोळ्यात गेलं. उसाचं पातं म्हंजी करवत. कुणी म्हणलं तुरटीचं पाणी घाला, कुणी म्हणलं बाळंतिणीचं दूध घाला, ज्यानं जे सांगितलं ते आमी घातलं, आन् डोळ्यावर पांढरं फूल पडलं. झालं. मालक बांधावर उभं राहून मला इचारायचं, अगं भेंडी फुलली का. आन् भेंडी त्येंच्या हाताला लागत असायची.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्याबाईबी संगं आल्या, त्येंच्या पोटात गोळा झालावता, म्हणलं एका फेरीत दोघं दाखवू. डाक्टर भला माणूस. त्येनं मालकांच्या डोळ्यात बत्ती मारून बघितलं आन् म्हणला, बाई, डोळा आतनं चांगला हाय, वरची काच तेवढी पांढरी पडलीया, मेलेल्या माणसाची काच काढून बसवता येती, मला ते काम येतं. म्हणलं मग बसवा की. तर म्हणला, काच आणू कुठनं.

आत्याबाईंना तितंच खाटेवर ठेवून घेतलंवतं. पोटातल्या गोळ्याला काय इलाज न्हाय हे डाक्टरनं आमाला भाईर बोलावून सांगितलं, पर त्या म्हातारीला सांगावं लागतंय व्हय, तिला आदीच कळलंवतं. दुसऱ्या दिशी डाक्टर फेरीला आला तशी उठून बसली आन् म्हणली, मी आता चाल्लेच हाय, माझं डोळं घ्या आन् माझ्या पोराला लावा, अजून आमच्या घरात सुईत दोरा मीच ववते. सगळ्या वार्डासमोर म्हणली. नर्स हुती, झाडणारी हुती, शेजारच्या खाटंवरच्या बाया हुत्या, समद्यांनी ऐकलं. जल्मभर मला शिव्या घातल्या तिनं, पर त्या दिशी मी तिच्या पायावर डोस्कं ठेवून रडले.

आन् डाक्टर काय म्हणावा? म्हणला, आजी, तसा कायदा न्हाय. मेलेल्या माणसाच्या अंगाला असा हात लावला तर माझ्यावरच खटला हुईल. आत्याबाई कडाडल्या, डोळं माझं आन् कायदा कुणाचा रं? मग जित्तेपणीच काढा. तो म्हणला, तो तर त्येच्याहून मोठा गुन्हा.

त्याच आठवड्यात सकाळच्या पारी त्या गेल्या. दिरानं डाक्टरपुढं हात जोडलं. तो म्हणला, बाबा, कायदा हाय तो बेवारस मड्याचा, ज्याला न्यायला कुणी येत न्हाय ते शिकणाऱ्या पोरांना चिरायला देत्यात. दीर व्हरांड्यात आलं आन् हळूच म्हणलं, आपुन निघून जाऊ, म्हणू ही म्हातारी आमची न्हवं. हितं दारात बसल्यात बघा, हेच ते. मान खाली घालू नका भावजी, तुमाला भाऊ बघता करायचा हुता, मला काय कळत न्हाय व्हय? पर मालक भिंतीला टेकून उभं हुतं, ते म्हणलं, आईला मी वळखत न्हाय म्हणू? आन् असं म्हणून मिळालेल्या डोळ्यानं काय बघू? डाक्टरनं ते ऐकलं. म्हणला, तसंबी चालायचं न्हाय, बेवारस मडं शिकायला देत्यात, दुसऱ्याला डोळा बसवायला न्हवं, आन् मडं बेवारस ठरस्तवर डोळा खराब झाल्याला असतोय.

आता सांगा मास्तर, तुमी शिकल्यालं हायसा. जिला कुणी न्हाय तिला आख्खी चिरली तर कायद्याला चालतंय. आन् जिला पोरगं हाय, जिनं सवताच्या तोंडानं दिलंय, तिच्या डोळ्याला हात लावला की गुन्हा! कुणी लिवलं हे? लिवणाऱ्याच्या घरात कुणी आंधळं न्हवतं का? नदीच्या काठाला नेलं तिला. थोरला लेक म्हणून अग्नी मालकांनीच द्यायचा, दिरानं हात धरून फिरवलं, आन् मालकांनी आपल्याला मिळायचं डोळं आपल्याच हातानं जाळलं. माझ्या तळपायाची आग अजून मस्तकाला जाती.

बरं, पुढं मुंबई सरकारनं कायदा केला. डाक्टरनं सांगावा धाडला, आमी पळत पुण्याला. म्हणला, आता माणसानं लिवून ठिवलं तर चालतं, न्हाय तर शेवटच्या दुखण्यात दोन साक्षीदारांसमोर तोंडानं बोललं तरी चालतं. दोन! मी कपाळ बडवून घेतलं. आत्याबाईंचं तर समदा वार्ड साक्षीदार. डाक्टर तोच, चाकू तोच, आन् तवा का न्हाय, तर कागदावर न्हवतं. म्हातारी आदी मेली ही तिची चूक!

आन् आता कायदा हाय तर डोळं न्हाय. आमी नाव देऊन बसलोय, बोलावणं काय येत न्हाय. कुणाच्या घरात म्हातारं माणूस मरणाला टेकलं की मी जाऊन बसते, हळूच इषय काढते, तर माझ्या अंगावर येत्यात. म्हणत्यात, डोळं काढलं तर पुढच्या जल्माला आंधळं येतंय. अरं मग ह्या जल्मातल्या आंधळ्याचं काय? आन् आपल्यात लेक सासरवरनं तोंड बघाया आल्याबिगर मडं हालवत न्हाईत, डोळा काय लेकीसाठी थांबतोय व्हय? मालक आता घरात बसून हातानं चाचपून गवार मोडत्यात. कुणाला बोल लावत न्हाईत. त्येंच्या वाटचं मीच बोलते.

तुमी माझी कहाणी लिवायला एवढ्या उन्हाचं आलासा, देव तुमचं भलं करो, लिवा समदं. पर खाली हे ठळक लिवा. गोजराबाईचं शेवटचं दुखणं आलं की तिला पुण्याला न्यावं. मेली की दोनी डोळं काढून घ्यावं, मालक असले तर त्येंना, नसले तर ज्याला लागत्याल त्येला. माझी लेक सासरी हाय, तिच्यासाठी थांबू नये, तिनं तोंड मागनं बघावं, मी तिला सांगितलंय, ती रडली पर व्हय म्हणलीया. साक्षीदार एक तुमी. दुसरं हे भावजी. उठा भावजी, म्होरं या. झालं का लिवून? मग दावा मास्तर, अंगठा कुठं उठवू?