पाकिटावरचा माणूस

अभ्यासाची नोंदवही. २८ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ऊन, डोंगरावर धुकं, वारा नाही.

—नाही हो मास्तर, ते अंथरूण खालीच असतं. वर गार पडायला लागलंय ना आता, म्हणून आणलं खाली, दुसरं काही नाही. तुम्ही बसा, मेजावरच्या रजईखाली पाय घ्या, खाली शेगडी पेटवलीय मघाशीच. हे मळ्यात गेलेत. शेवटची तोडणी चाललीय, आज-उद्यात दंव पडणार म्हणतात. दंव पडलं की तुतीचं पान एका सकाळीत सगळं खाली येतं, मग झाडाखाली बसून रडा— तुम्हाला हे कसं ठाऊक असणार, तुमच्या प्रयोगशाळेत पान येतं ते पूड होऊनच. घ्या, चहा घ्या. साधा आहे, तुतीचा नाही. घाबरू नका.

विचारा ना, काय विचारायचं ते. रोज घेतात का? घेतात की. तिन्ही वेळा, भाताच्या आधी, चमचाभर पूड कोमट पाण्यात. हिरवागार चिखल नुसता. आधी तोंड वाकडं करायचे, आता सवय झालीय. आणि साखर— ती तुम्ही दिलेल्या यंत्रावर मीच बघते सकाळी, बोट टोचून— साखर उत्तम आहे. तुमच्या पानात गुण आहे, मी कुठं नाही म्हणते? अहो, आमच्या सासूबाईंच्या वेळेला हेच पान रेशमाच्या किड्यांना घालायचो, वरचा सगळा मजला किड्यांचा, माणसं खाली दाटीवाटीनं. आमच्याकडे किड्यांनासुद्धा अहोजाहो करतात, मास्तर. ‘साहेब जेवले का’, ‘साहेब झोपलेत, हळू बोला’. मग रेशीम गेलं, साहेब गेले, पान राहिलं. तुम्ही लोक साखरेचा अभ्यास घेऊन आलात आणि म्हणालात, हे माणसानं खावं. खाल्लं. साखर उतरली. पान विकून नऊ घरांची चूल पुन्हा पेटली. मग पाकीट निघालं, पाकिटावर आमच्या ह्यांचा फोटो— पाठीवर पानांची पाटी, तोंडभर हसू, खाली लिहिलंय ‘तोकुझो, वय अठ्ठ्याहत्तर, रोज डोंगर चढतो’. त्या फोटोवाल्यानं तर ह्यांना तो चढ पुन्हा पुन्हा चढायला लावला, शेवटी दम लागला, हसूच येईना— म्हणजे दम नाही, कंटाळले होते. कंटाळा आला की हे हसत नाहीत.

कपाळावर पट्टी? तुम्हाला कुणी सांगितलं? अच्छा, वाटेत भेटले होय. फांदी लागली. तुतीची फांदी लवचिक असते, वाकवली आणि सुटली की सपकन येते. काय म्हणाले ते? फांदी ना? मग झालं तर.

दुसरी काही तक्रार— नाही. काही नाही. लिहा, काही नाही.

तुम्ही लिहीत का नाही? असं बघू नका हो माझ्याकडे. तुमच्या आईच्या वयाची आहे मी, आजीच्याही असेन. बरं, तुम्हाला एक विचारते, तुम्ही साखरेचे मास्तर, हृदयाचं तुमच्याकडे नाही, तरी विचारते. त्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर आहेत, त्यांचाही अभ्यास चाललाय. ह्यांच्या हृदयाची झडप आखडलीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे, पहिल्या तपासणीत तुमच्याच लोकांना कानात नळी लावून ऐकू आलं होतं. तर त्या डॉक्टरांनी चित्र दाखवलं आम्हाला. तीन पापुद्रे असतात म्हणे, त्यांच्यावर चुना बसलाय, किटलीच्या तोंडाला बसतो तसा. दार उघडतच नाही पुरतं. ते म्हणाले, अशी माणसं दोन प्रकारची. ज्यांना त्रास होतो, त्यांची झडप लगेच बदलायची, मांडीच्या नसेतून नळी घालून, छाती कापायचीही गरज नाही. आणि ज्यांना काही त्रास नाही, त्यांचं काय करावं हेच अजून नक्की ठरलेलं नाही— म्हणून अभ्यास. चिठ्ठी टाकायची. अर्ध्यांची आताच बदलायची, अर्ध्यांना नुसतं बघत राहायचं. ह्यांची चिठ्ठी निघाली बघत राहायची. पण डॉक्टर स्वच्छ म्हणाले, मी ऐकलंय माझ्या कानांनी— दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, त्या दिवशी सांगा, चिठ्ठी-बिठ्ठी बाजूला, लगेच बदलू. म्हणजे सगळं कशावर आलं? ह्यांच्या जिभेवर आलं. मशीन आहे, चित्रं आहेत, एवढा मोठा दवाखाना आहे, आणि शेवटी एका म्हाताऱ्यानं तोंड उघडायचं की नाही यावर अडलंय.

आणि तोंड कसं उघडतात ते सांगू? दर खेपेला मी शेजारी बसलेली असते. डॉक्टर विचारतात, ‘काय तोकुझोसान, कसं काय?’ हे गुडघ्यांवर हात ठेवतात, मान खाली घालतात आणि म्हणतात, ‘आपल्या कृपेनं.’ संपलं! आता तुम्ही सांगा, याचा अर्थ काय? सगळं गाव म्हणतं. पोस्टमननं विचारलं तरी म्हणतात. ज्याच्या घरी काल मयत झालं तोही म्हणतो. त्याचा अर्थ ‘बरा आहे’ असा नाही हो, त्याचा अर्थ आहे ‘तुम्ही विचारलंत, उपकार झाले, आता पुढं जाऊ या’. डॉक्टर टोकियोचे, तरणे, पण तेही आपलेच ना, त्यांना कळायला नको? त्यांनी लिहिलं, ‘त्रास नाही’. प्रत्येक वेळी. आणि मी शेजारी बसून मान हलवली. नवरा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. किड्यांना अहोजाहो करणारी माणसं आम्ही, डॉक्टरपुढं काय बोलणार.

परतताना बसमध्ये मी म्हणाले, ‘अहो, जिन्याचं का नाही सांगितलंत?’ तर म्हणतात, ‘एवढी माणसं बाहेर ताटकळत होती, माझं रडगाणं कशाला?’ 

जिन्याचं काय म्हणजे? चढवत नाही त्यांना जिना. अंथरूण गारठ्यामुळं नाही आणलं खाली. झालं समाधान? आडवं झालं की घुसमटतात म्हणून तीन उशा लावल्यात, त्या काय शोभेला आहेत?

आता लिहिताय भराभरा. थांबा ना. हे लिहिलं तर तुमच्या अभ्यासातून नाव जाणार त्यांचं, हो ना? हृदयाचं दुखणं वाढलं की पानाच्या अभ्यासात राहता येत नाही, तुम्हीच सभागृहात वाचून दाखवलं होतं. चेहरा का पडला तुमचा? तुमचा सगळ्यांत गुणी माणूस गेला म्हणून? अभ्यास संपायला महिनाच तर राहिला होता, नाही का? त्यांनाही तेच वाटतं बघा. मंगळवारी मला म्हणाले, ‘हिसानो, पाकिटावरचा माणूसच दवाखान्यात पडला तर पान घेईल कोण? नऊ घरं आहेत.’ नऊ घरं! मी म्हटलं, आणि हे दहावं? यात मी राहते, याचं काय? तर हसले. पाकिटावर हसतात तसेच.

मंगळवारी का? मंगळवारी काही नाही. असंच विषय निघाला.

बरं. ऐका मग. फांदी नाही लागली. मंगळवारी वरच्या मळ्यात पाटी उचलली आणि कोसळले. पानांच्या राशीत तोंडावर. शेजारच्या रित्सुवहिनी होत्या म्हणून, नाहीतर मला संध्याकाळी कळलं असतं. त्यांनी उताणं केलं, कपाळावर पाणी मारलं, तर डोळे उघडून पहिलं काय बोलावं माणसानं? ‘वहिनी, पान तुडवू नका.’ घरी आले आणि मला शपथ घातली, पितरांच्या देव्हाऱ्यापुढं, आईसमोर बसवून, कुणाला सांगायचं नाही, पान आत येईपर्यंत. मी दोन दिवस पाळली. मी कुठं सांगणार होते? तुम्ही ते अंथरूण बघितलंत म्हणून— तुमचीच चूक आहे सगळी. यायचं तर ओसरीवर बसून जायचं, आत कशाला यायचं?

फोन कुणाला लावताय? नको— अहो, नको. मी काही सांगितलेलं नाही. फांदी लागली.

… लावा. लावा, मी हात कुठं धरलाय? हा बघा सोडला.

काय म्हणतात? आज? आत्ता लगेच? गाडी पाठवतात? झडप कधी? आधी भरती, मग बघू— बरं बरं. तसं सांगा त्यांना, हो म्हणून सांगा. कपडे भरायला मला किती वेळ लागतो— बघा, आलेच हे.

अहो, पाटी उतरवा आधी. मास्तरांना सांगितलं मी. हो, सगळं. जिना, उशा, मंगळवार. बघा माझ्याकडे कसंही, बघायचं तर. दवाखान्यातून गाडी येतेय. मास्तर, त्यांनाच द्या तो फोन, माझं नाही ऐकायचे. डॉक्टर बोलतायत, घ्या— बघितलंत? फोनला वाकून नमस्कार चाललाय. भिंतीकडे तोंड करून. पुन्हा वाकले. काय म्हणताय काय त्यांना? ‘एवढी धावपळ नको, डॉक्टरसाहेब’— मास्तर, घ्या तो फोन काढून! ‘सोमवारी येतो, स्वतः येतो, नऊला.’ सोमवार! का तर तीन वाफे राहिलेत. तीन वाफ्यांचं पान!

ठेवला. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. पाटी रिकामी करून निघाले परत. अहो, निदान भात तरी—

तुम्ही काय उभे आहात, मास्तर? त्यांना ओढून गाडीत घालणार आहात? मग जा. सगळं लिहून झालं ना तुमचं? जा. दार ओढून घ्या, गारठा येतो.

३१ ऑक्टोबर, रविवार. पहाटे दंव, नंतर स्वच्छ. तोकुझो सकाळी मळ्यात वारले. त्या दिवशीची उपाशीपोटी साखर सत्त्याण्णव.